डावा पिस्टन मोठ्या काकांचा

आजोबांनी मागे एक मोटारसायकल आणि दोन मुलगे ठेवले. मुलगे आधीपासूनच वेगळे होते, त्यामुळे वाटणी मोटारसायकलची करावी लागली. इंजिनाला सिलिंडर दोन होते, हे त्यातल्या त्यात बरं. डावा मोठ्या काकांना आला, उजवा माझ्या बाबांना. पेट्रोल कुणी भरायचं यावर एकमत होईना, म्हणून गाडी मागच्या शेडमध्ये उभी राहिली आणि शेडच्या एकाच कडीला दोन कुलपं लागली.

मग मोठ्या काकांची मुलगी, म्हणजे आमची ताई, इंजिनकाम शिकून घरी आली आणि म्हणाली, "मला ही शेड गॅरेजसाठी हवीय."

"आधी गाडी चालू करून दाखव," मोठे काका म्हणाले.

"नुसती चालू नाही," बाबा म्हणाले. "सीटवर काठोकाठ भरलेला पेला ठेवीन. पाणी सांडलं तर शेड विसरायची."

ताईने इंजिन उघडलं. दोन्ही पिस्टन झिजून गेले होते. "नवी जोडी आणा, एकाच ठिकाणाहून," तिने बजावलं. पण जोडी हा शब्द आमच्या घरात कुणाच्या कानात शिरत नाही. दोघांनी आपापला पिस्टन आपापल्या ओळखीतून, एकमेकांना चुकवून आणला.

ताईने दोन्ही मापले. माप अगदी सारखं. मग काट्यावर ठेवले. बाबांचा अकरा ग्रॅमनी जड निघाला.

बाबांची छाती फुगली. "जड म्हणजे माल चांगला."

"हलका म्हणजे चपळ," मोठे काका म्हणाले.

"हे दोघं एकदम वर जातात, एकदम खाली येतात," ताई म्हणाली. "एक जड राहिला तर इंजिन गाडीला बखोटीला धरून हलवेल. जड असेल त्याला आतून कानस मारायची."

"म्हणजे माझाच कापणार?" बाबा उठून उभे राहिले. "पोरगी दादाची, काटा पोरीचा आणि कात्री मला! वा!"

"काका, हलक्याचं वजन वाढवता येत नाही. त्याला काय दोन घास जास्त भरवू?"

"ते मला माहीत नाही. आधी दादाचाही काढ."

ताईने छताकडे बघितलं. तिथे पाल होती, तीही तटस्थ. "बरं. पप्पांचा एक ग्रॅम. तुमचे बारा."

बाबांनी नीट विचार केला. "चालेल," ते समाधानाने म्हणाले. "दादाचाही गेला ना? मग झालं."

ताई पिस्टनच्या आतल्या कडेवर कानस फिरवायची, फुंकर मारायची, काट्यावर ठेवायची. हात जरा जास्त चालला असता तर पुन्हा मोठ्या काकांच्या पिस्टनकडे यावं लागलं असतं, आणि मग पिस्टन संपेपर्यंत न्याय चालला असता. काट्याच्या दोन बाजूंना दोघे भाऊ पंचासारखे बसले होते. बाबा आपला कीस कागदाच्या पुडीत भरत होते. हिश्श्याचा होता म्हणे. शेवटी काट्याने दोघांनाही एकच आकडा दिला. कुणीच टाळी वाजवली नाही, कारण आधी कुणी वाजवायची हा प्रश्न होता.

इंजिन बांधून झालं. आईने पेला आणला. "जुना दिलाय," ती म्हणाली. "मला तुम्ही सगळे माहीत आहात."

पहिली किक कोरडी गेली. दुसरीला गाडी खोकली. तिसरीला चालू झाली. बाबांनी पेला काठोकाठ भरून सीटवर ठेवला.

पेल्यातल्या पाण्यावर बारीक गोल उठले, काठापर्यंत आले आणि तिथेच थांबले. दोघे भाऊ वाकून, नाकं पेल्याला लावून बघत राहिले.

"माझी बाजू हलत नाहीये," मोठे काका म्हणाले.

"माझीही," बाबा म्हणाले, आणि कुंपणाशी जाऊन शेजाऱ्यांना ओरडले, "ऐकताय ना? आमच्या पोरीने केलंय!"

"आमच्या म्हणजे माझ्या, बारक्या."

"हो, पण बारा ग्रॅम कुणाचे गेले?"

ताईने गाडी बंद केली. हात पुसले. "कुलपं," एवढंच म्हणाली.

दोघांनी कडीला लटकणारी आपापली कुलपं काढली.

"दादा, तू मोठा. आधी तू दे."

"तू लहान. लहानांनी आधी."

ताईने तेलाचा रिकामा ट्रे पुढे धरला. "एक, दोन, तीन."

आवाज एकच झाला.

दोघे शेजाऱ्यांना सविस्तर सांगायला गेले. ताईने, हाताच्या सवयीने, दोन्ही कुलपं काट्यावर ठेवली. बाबांचं जड निघालं. तिने माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप काटा बंद केला.