पाठ केलेले वडील

"माझे वडील शाळेत शिक्षक आहेत," असं राजेशनं खणखणीत जर्मनमध्ये सांगितलं, तेव्हा त्याचे वडील त्याच्या मागं चार हातांवर, क्लासच्या शेवटच्या बाकावर बसले होते. हा बाप, हैबती, जन्मात एकदाच शाळेत चढलेला. तोही तिच्या छपरावर, कौलं शाकारायला.

हैबतीची वाडी पोलादपूरच्या वर, अशा उतारावर, की तिथली कोंबडी अंडं घालते ते एका पायानं अडवून धरते. नाहीतर अंडं घरंगळत थेट एसटी स्टँडवर येतं, आणि येईपर्यंत पिल्लू बाहेर पडून गाडीची वाट बघत उभं असतं. खोटं वाटलं तर चढून बघावं. अशा उतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्याचा हा मुलगा महाडच्या एमआयडीसीत पंप दुरुस्त करणारा फिटर झाला. पंपाला नुसता कान लावला, की आत कुठलं बेअरिंग रडतंय ते सांगायचा. जर्मनीतल्या कंपनीला असाच फिटर हवा होता. फक्त जर्मन बोलणारा.

म्हणून आठ महिने श्रुतिका मॅडमचा क्लास. शेवटी मॅडमनी सगळ्यांना मुलाखतीसाठी एकच छापील परिचय दिला. "नाव आपापलं घाला. बाकी एक शब्द हलवायचा नाही. हलवलात की अडखळलात." त्या कागदातले वडील शिक्षक होते आणि आईला बागकामाची आवड होती. राजेशनं तो असा घोकला, की त्याची आई प्रयागबाई म्हणाली, "पुरं कर रे बाबा, म्हस आता जर्मनमधी रवंथ करते."

'शेतकरी' हा शब्द त्याला येत नव्हता असं नाही. दुसऱ्याच धड्यात होता. पण शिक्षकाचं ते वाक्य जिभेवर तुपासारखं बसलं होतं. आणि खरं सांगायचं, तर त्याला ते आवडलंही होतं.

वाडीत रेंज नाही, म्हणून मुलाखत महाडला, क्लासमध्येच. प्रयागबाईनं नवऱ्याला सोबत धाडलं. "पोरगं एकटं कसं बसंल परक्या बाईसमोर? अंगारा लावा नि मागं बसा गप."

बसला होता गप. पण पडद्यावरची जर्मन बाई हसली, शेजारच्या चौकटीतल्या पुण्याच्या दुभाष्याशी काही बोलली, आणि त्यानं स्पीकरवरून स्वच्छ मराठीत विचारलं,

"राजेश, मॅडम विचारतायत, महाडमध्ये सगळ्यांचेच वडील शिक्षक असतात का? आधी सारिका आल्या, मग तुडीलचे ओंकार आले. दोघांचेही वडील शिक्षक, दोघांच्याही आईला बागकाम. आता तुमचेही शिक्षकच. खरंच आहेत, की पाठ करून आलात?"

श्रुतिका मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. राजेशच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बापानं ऐकलं होतं. मागं वळून बघायची त्याची हिंमत होईना. खरं वाक्य ओठांपर्यंत आलं, तीनच शब्दांचं. पण ते बोललं की आधीचं खोटं ठरणार, आणि नोकरी गेली.

मागं बाक करकरला.

"व्हय, मास्तर हाय मी," हैबती म्हणाला.

"अरे वा, वडील सोबत आलेत का? या ना सर, पुढे या."

हैबती आला आणि राजेशच्या शेजारच्या खुर्चीत, टेबलाला छाती भिडवून बसला.

"कुठली शाळा, सर?"

"वरच्या वाडीची."

"काय शिकवता?"

हैबती घोटाळला. "शेती," म्हणाला.

"ॲग्रिकल्चर!" दुभाष्यानं ते लगेच पलीकडं पोचवलं. बाईनं मान डोलावली. "मॅडम म्हणतायत, शिक्षक म्हणून मुलाला किती मार्क द्याल?"

"मार्काचं नाय सांगता येत, साहेब. पन आमच्या वाडीचा पान्याचा पंप तीन वर्सं बंद व्हता. दोन कंत्राटदार आले नि हात टेकून गेले. ह्यानं एका सकाळीत चालू केला. बाया हंडे घेऊन नाचल्या, आता बोला!"

मग बाईनं राजेशलाच विचारलं, कसा चालू केलास? कागदात ह्याचं उत्तर नव्हतं. त्यानं जर्मनमध्येच ठेचकाळत, क्रियापदं सांडत सांगितलं: सील गेलं होतं, पंप पाण्याऐवजी हवा ओढत होता, सील मिळेना म्हणून ट्रकच्या ट्यूबचं रबर कापून बसवलं. बाई भराभरा लिहीत होती. पुढच्या फेरीला बोलावू, म्हणाली.

"आणि मॅडम म्हणतायत, नमस्कार, गुरुजी."

हैबतीनं नुसती मान लववली. पडदा काळा झाला.

"बाबा, मी ते..." राजेश बापाकडं वळला.

"गेली का रे ती?"

"गेली."

"आता तिला हितलं काय दिसत नाय ना?"

"नाय."

तेव्हा कुठं हैबतीनं टेबलाखाली, मांड्यांमध्ये दाबून धरलेले दोन्ही हात वर काढले. बोटं वाकडी, भेगांत माती मुरलेली. त्यांना मुंग्या आल्या होत्या. एका हातानं दुसरा हात तो बराच वेळ चोळत राहिला.