जगातली सर्वांत मोठी माशी

"माणसाच्या हातून अजरामर असं जे काही घडतं ते वाळवंटातच घडतं," क्लॅरी पेंगेलीनं गाडी सुरू करता करता जाहीर केलं, आणि बायकोला, नोलाला, शेजारी बसवून तो एक माशी बघायला निघाला.

माशी सिमेंटची होती. वाळवंटात जिवंत माश्यांचा तुटवडा होता अशातला भाग नाही. नोलानं "दार नीट लाव" म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात एक आत जाऊन आली होती. पण आडरानातल्या एका पेट्रोल पंपावर गिऱ्हाईक थांबेना, तेव्हा पंपवाल्यांनी घराएवढी माशी उभारली आणि खाली पाटी लावली : जगातली सर्वांत मोठी. त्यावर अद्याप कुणी दुसऱ्यानं हक्क सांगितलेला नाही.

क्लॅरी कित्येक वर्षं "एकदा जाऊ" म्हणत होता. आज मात्र चहा संपायच्या आत त्यानं टोपी चढवली. गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. डॉक्टरनं नकाराची मान हलवली की गाडी चालवायचा परवाना जाणार, आणि परवाना गेला की घर गेलं, कारण दवाखानाच काय, पावाचं दुकानसुद्धा गाडीशिवाय गाठता येत नव्हतं. लेक जेनीन तिकडे लांब ॲडलेड शहरात मागची खोली रंगवून तयारच बसली होती. रंग फिका जांभळा.

नोला गाडी चालवत नसे. लग्नानंतर एकदा शिकायला बसली, तेव्हा कोंबड्यांचं खुराडं गेलं. क्लॅरी म्हणाला, "राहू दे. मी आहे ना." तेवढ्यावर संसार झाला.

"डोळ्यांना काही झालेलं नाही," क्लॅरी आता म्हणाला. "आणि हा रस्ता मी सपाट केलाय. सरकारी यंत्रावर बसून उभा जन्म ह्याच धुळीत काढला. डोळे मिटून चालवीन."

"उघडे ठेवून चालव," नोला म्हणाली. "तेवढीच माझी हौस."

ह्या मुलखात एक रीत आहे. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न हलवता एक बोट वर करायचं. ओळख असो वा नसो. देवळात न जाणारा इथं खपतो, दारू पिऊन बरळणारा खपतो. पण बोट न उचलणाऱ्याच्या मयताला कुणी जात नाही. क्लॅरीचं बोट आजवर चुकलं नव्हतं.

समोरून मातीच्याच रंगाची एक मोटार आली. तिच्यातल्या माणसानं बोट वर केलं. क्लॅरीचं बोट होतं तिथंच राहिलं.

"काय रे, त्याच्याशी भांडण आहे का?" नोलानं विचारलं.

"कुणाशी?"

थोडं पुढे मेंढ्यांच्या एका कुरणाचा फाटा होता. टपाल टाकण्यासाठी म्हणून तिथं एक जुना पांढरा फ्रिज उभा करून ठेवला होता. क्लॅरीनं त्या फ्रिजला बोट वर केलं. अगदी आदरानं.

"कुरणावरचा केव्हिन होता ना?" त्यानं विचारलं.

नोलानं मागं वळून फ्रिजकडे पाहिलं. "हो. केव्हिनच."

"हल्ली उलट बोट वर करत नाही. शिष्ट झालाय."

"म्हातारा झालाय रे."

थांब म्हणावं, तर थांबून करायचं काय? दोन्ही बाजूंना तांबडी माती, आणि गाडीत चालवणारा एक आंधळा नि न चालवणारी एक डोळस. दोघांत मिळून धड एक ड्रायव्हर होत होता, एवढाच काय तो आधार. नोला बोलत सुटली. "अगं बाई, एमू बघ केवढा! डावीकडे, कडेलाच उभाय मेला. आणि पुढं वळण किती छान आहे, नाही? उजवं. चांगलंच उजवं."

"आज फार बडबडतेस."

"सहलीला आलोय ना!" नोला म्हणाली आणि दाराची कडी घट्ट धरली.

पंपावर पोचले तेव्हा कुठं तिनं कडी सोडली. मालकीण रेलीन बटाटे तळता तळता हात पुसत बाहेर आली. क्लॅरी उतरला, चार पावलं चालला, कमरेवर हात ठेवून वर बघत उभा राहिला. समोर लोखंडी खांबांवर पाण्याची टाकी होती.

"वा! ह्याला म्हणतात काम! पाय बघ कसे ताठ!"

"आजोबा, ती तर—" रेलीन म्हणाली. नोलानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. रेलीननं वाक्य गिळलं.

"पंख कुठायत?"

"दुरुस्तीला गेलेत," नोला म्हणाली.

तेवढ्यात वरून एक थेंब क्लॅरीच्या गालावर पडला. त्यानं तो बोटानं पुसला, बोट जिभेला लावलं.

"टाकी आहे ही, नोला."

"हो."

"आणि केव्हिन?"

"फ्रिज."

त्यानं मान डोलावली. "मग माशी?"

"तुझ्या मागे."

क्लॅरी वळला. त्यानं टोपी मागे सारली, डोळे बारीक केले, मोठे केले. "आभाळ दिसतंय. त्यात एक डाग आहे."

"तोच."

"कशी आहे सांग."

"भयंकर आहे," नोला म्हणाली. "डोळे लाल, हंड्याएवढे. एक पाय गळालाय. पोटावर कुणीतरी शेरिलवर प्रेम असल्याचं लिहिलंय."

"म्हणजे बघण्यासारखी आहे."

मग त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि नोलाच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली. नोलाला किल्लीचा काही उपयोग नव्हता, आणि आता त्यालाही नव्हता.

रेलीनच्या टेबलावरून नोलानं जेनीनला फोन केला. जेनीन ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं हे सगळं आधीच ठरवून ठेवलेलं दिसलं. "रात्र तिथंच काढा, आई. उद्या येते. तिथनं परस्पर इकडेच. सामानाचं नंतर बघू." चहाचे कप तसेच पडलेत, मागची खिडकी उघडी आहे, एवढं नोलाला सांगायचं होतं. तिनं "बरं" म्हटलं.

क्लॅरी माशीच्या सावलीतल्या बाकावर पाठ ताठ करून बसला होता.

"काय म्हणाली?"

"उद्या येते."

"आणि घर?"

नोला त्याच्या शेजारी बसली. "घर कुठं पळून चाललंय?"

पळून कोण चाललंय ते क्लॅरीला कळलं. त्यानं घसा साफ केला. "ऐक, नोला. आजवर मी कुणाचा आधार घेतला नाही. लेकीचा नाही, सरकारचा नाही. माझं मी चालत आलो. ह्यापुढंही पेंगेलीला कुणी हाताला धरून चालवलं, असं होणार नाही. त्या जेनीनलाही सांगून ठेव."

"सांगते."

वारा आला, माशीचा पत्र्याचा पंख कुरकुरला. क्लॅरी बाकावर जरा इकडे सरकला, जरा तिकडे सरकला.

"नोला."

"काय रे?"

"मला जरा संडासापर्यंत ने. आणि दारावर चित्र बाईचं आहे की बाप्याचं, ते आधी बघ."