डोक्यामागचा सूर्य

घड्याळजी कॅमेरा घेऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीआड वाकला, सरकला, पुन्हा वाकला आणि शेवटी टाकीलाच शिवी देऊन मोकळा झाला. टाकी सूर्य झाकत होती, पण त्याच्याबरोबर त्याच्याभोवती पडलेलं उजेडाचं कडं, ते अर्धं खळंही गिळत होती.

खळं तरी कसलं! दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य आणि वर, पार माथ्यापाशी, रंगांची उलटी कमान. हे सगळं एकत्र दिसावं म्हणून या माणसाने उभा जन्म मान वर करून काढला होता. दुकानात भिंग, बाहेर ढग. ‘जमिनीवर तुम्ही फक्त जेवायला येता’, असं त्याची बायको म्हणे.

खळ्याचा फोटो घ्यायचा तर सूर्य कशाआड तरी लपवावा लागतो. त्यासाठी त्याच्याकडे हुकमी वस्तू होती, बायकोचं डोकं. “डोकं दे!” अशी हाक आली की ती हातातलं काम टाकून वर येई आणि सूर्याकडे पाठ करून उभी राही. त्याच्या प्रत्येक नावाजलेल्या फोटोत मधोमध तिची काळी आकृती होती. आज मात्र तिचा पाय प्लास्टरमध्ये होता.

तो धापा टाकत खाली आला.

“चल, खुर्चीसकट गॅलरीत नेतो तुला. दोनच मिनिटं. असं खळं पुन्हा मिळायचं नाही!”

“कसं दिसतं हो ते?”

“म्हणजे? दरवेळी तूच तर असतेस.”

“असते की. पाठ करून. जरा वळले की तुम्ही वस्सकन ओरडता, आणि तुमचं आटपेपर्यंत खाली दूध उतू जात असतं. मी आपली नंतर फोटोत बघते.”

ती हसत होती. त्याला हसू आलं नाही. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने कॅमेरा पलंगावर ठेवला आणि खुर्ची ढकलत गॅलरीत नेली.

“पाठ तिकडे ना?”

“नाही. तोंड तिकडे.”

तो स्वतः कठड्यापाशी जाऊन उभा राहिला, तिच्याकडे तोंड करून.

“डावीकडे व्हा. अजून. जरा वाका, ऊन डोळ्यांत येतंय. हां, बास.”

मग तिने समोर आभाळाकडे पाहिलं.

“बाई गं,” ती हळूच म्हणाली. “एवढं मोठं असतं? तुमच्या फोटोत यातलं काहीच येत नाही हो.”

“नाही येत,” तो म्हणाला.

“कॅमेरा आत राहिला की तुमचा. विरून जाईल सगळं.”

“जाऊ दे. वर बघ, अगदी वर. कमान आहे. दिसली?”

तिने मान मागे टाकली. तिचं तोंड उघडंच राहिलं. इतक्या वर्षांत उजेडात तिचा एकही फोटो त्याने काढला नव्हता, आणि आता तो फक्त बघत होता.

“दिसली,” ती म्हणाली. “हलू नका.”

वाकून उभं राहिलं की पाठीत कळ येते, हे घड्याळजीला तेव्हा समजलं. तो हलला नाही.