मी कथबर्ट, कुणी न मागितलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनं नाव आहे. कथबर्ट. हसा, हसून घ्या. मला सवय आहे.

मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तर नाहीच. दुसऱ्याने उच्चारलं तरच मी जिवंत. जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडात दोन शब्द जोडून मी तयार झालो. एकाचा अर्थ नामांकित, दुसऱ्याचा तेजस्वी. माझी कीर्ती मात्र एका साधूमुळे झाली. तो समुद्रातल्या बेटावर एकटा राहायचा आणि तिथल्या बदकांवर माया करायचा, असं सांगतात. पुढे समुद्री लुटारूंच्या धास्तीने त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन त्याचे सोबती वर्षानुवर्षं गावोगाव भटकले. पेटी टेकली त्या गावांत त्याच्या नावाची चर्च उभी राहिली आणि आया आपल्या मुलांसाठी मलाच निवडू लागल्या. मेंढपाळ, खाणकामगार, कोळी, सगळ्यांच्या घरात मी! लाडाने मला 'कडी' म्हणायचे. तिकडे गाढवालाही कडीच म्हणतात, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. गाढव कष्टाळू असतं.

वाईट वाटलं ते पहिल्या महायुद्धात. लढाई चुकवून सरकारी कचेरीत खुर्ची उबवणाऱ्यांना लोक 'कथबर्ट' म्हणून चिडवू लागले. माझा काय दोष होता हो? तेव्हापासून मला उतरती कळा लागली ती लागलीच.

आमच्या किनाऱ्यावरच्या गावात शेवटी एकच कथबर्ट उरला. कथबर्ट आर्चबोल्ड, वय एक्याऐंशी. समुद्रातल्या शेवंडी धरायचे पिंजरे विणण्यात त्याची हयात गेली. त्यांच्या घरात थोरल्या मुलाला मीच मिळायचो, सात पिढ्या. पण याला एकच मुलगी झाली आणि तिलाही मुलगीच, लोर्ना. लोर्ना शहरात वाढली. परवाच्या हिवाळ्यात तिने कळवलं की तिला मुलगा होणार. म्हातारा दिवसभर शीळ घालत होता. मी तर हवेतच!

आता आमच्या गावची एक रीत ऐका. बाप्तिस्मा होईपर्यंत बाळाचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं तर बाळाला अपाय होतो, अशी समजूत. समुद्रावर पोट असलेली माणसं असल्या गोष्टींची परीक्षा बघत बसत नाहीत.

लोर्नाने फोनवर विचारलं, "आजोबा, बाळासाठी तुमच्या मनात एखादं नाव आहे का हो?"

"नावाबिवाचं मला काही विचारू नकोस बाई," तो घाईघाईने म्हणाला. "तो विषयच नको."

फोन ठेवून तो गालात हसला. पोरीला रीत ठाऊक असणारच, असं तो धरून चालला. बोल रे, एकदा बोलून टाक, असं मला ओरडायचं होतं. पण तोंड कुठून आणू?

बाप्तिस्म्याच्या सकाळी त्याने रिवाजाप्रमाणे केकचा तुकडा, चीज आणि एक नाणं कागदात बांधून घेतलं. मुलगा असला की चर्चच्या वाटेवर पहिली भेटेल त्या बाईला ते द्यायचं. भेटली टपालवाली मॉइरा.

"काय कडीकाका, नाव काय ठेवताय?" तिने मुद्दाम डिवचलं.

"गप गं! माहीत असून विचारतेस!"

"अख्ख्या गावाला माहीत आहे," ती केक खात म्हणाली. "त्यात काय लपवायचं?"

चर्चमध्ये पाद्री म्हणाले, "या बाळाचं नाव सांगा." म्हाताऱ्याचे ओठ माझ्यासाठी उघडलेच होते. तेवढ्यात लोर्ना म्हणाली, "आर्लो."

ओठ हळूच मिटले. बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी पडलं.

चहाच्या वेळी मॉइराकडून लोर्नाला सगळं कळलं. ती धावत आली, डोळे भरलेले. "आजोबा, मला काय ठाऊक! शाळेत तुम्हाला या नावावरून किती छळायचे ते तुम्हीच सांगायचात. मला वाटलं, तुम्हाला ते नकोच आहे. आपण बदलू या ना! कागदावर बदलता येतं."

"अगं वेडे, डोक्यावर पाणी पडलंय आता. ते काय पुसून काढायचंय?" तो हसला. "आर्लो छान आहे. शाळेत कोणी हसणार नाही त्याला."

मग सगळे फोटो काढायला अंगणात गेले. म्हातारा बाळाला मांडीवर घेऊन आतच बसला. त्याने वाकून बाळाच्या कानात मला हळूच सांगितलं. पूर्ण, एकदाच. बाळाने जांभई दिली. चार महिन्यांचं ते. त्याला काय आठवणार आहे!

म्हातारा या मार्चमध्ये गेला.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस काही मागत नसेल, तर त्याला ते नकोच आहे असं समजू नका. विचारा. नाही म्हणालं तर आणखी एकदा विचारा.

मी आता त्या चर्चच्या मागे एका थडग्याच्या दगडावर आहे. समुद्राचा वारा खारा आहे, तिथली जुनी अक्षरं बोटांनी चाचपूनसुद्धा लागत नाहीत. माझंही तेच होणार. कधी त्या बाजूला आलात, तर मी झिजून जायच्या आत मला एकदा मोठ्याने वाचा.