डेल्चोच्या खांद्यावरचा हात

स्टामेनाला फक्त अक्षरं मोठी करायची होती. चष्म्यातूनही धड दिसेना, म्हणून ती संगणकाच्या सेटिंगमध्ये शिरली आणि दिसला तो सगळ्यात मोठा आकडा निवडून मोकळी झाली. पडदा काळा पडला. घाबरून तिने हाताला लागतील ती बटणं दाबली, आणि झालेला घोळ पक्का करून टाकला.

रविवारी तिच्या नवऱ्याला, डेल्चोला, जाऊन वर्ष होत होतं. त्या दिवशी गेलेल्याचा फोटो छापलेला कागद घराच्या फाटकावर लागला नाही, तर गाव बायकोला नावं ठेवतं. आणि फोटो त्या संगणकाच्या खोक्यात अडकलेला.

तरुण मंडळी केव्हाच जर्मनीला पांगली होती. उरलेल्यांत संगणकातलं कळणारा एकच, शेजारचा नेयचो. अक्रोडाच्या फांद्या तोडण्यावरून त्याचं आणि डेल्चोचं असं फाटलं होतं, की दोघं शेवटपर्यंत बोलले नाहीत. नेयचो अंत्ययात्रेलाही रस्त्याच्या पलीकडून चालला. स्टामेनाला त्याचा राग होता, तरी ती त्याला बोलवायला गेली.

नेयचो आला. खोक्याला कान लावून म्हणाला, "आत सगळं ठीक चाललंय. पण वहिनी, तुम्ही मागितलंय ते या म्हाताऱ्या पडद्याला झेपत नाही. माझ्या टीव्हीला जोडू, तिथे दिसेल. मग सेटिंग मागे घेऊ."

"मग आणा टीव्ही."

"भिंतीत ठोकलाय. खोकंच न्यावं लागेल."

"नको," स्टामेना म्हणाली. "मेलो तरी त्याच्या घरात पाय ठेवणार नाही, असं हे भर चौकात बोलले होते."

"पाय ठेवणार नाही म्हणाला ना? मी उचलून नेतो."

तिला हसू आलं, आणि त्याचाच राग आला. ती तारा गोळा करून त्याच्यामागून निघाली.

टीव्हीवर डेल्चो उगवला, भिंतभर. रकियाच्या दारूभट्टीपुढे लालबुंद, हसणारा. शेजारी त्याच्या खांद्यावर हात टाकून नेयचो. डेल्चोने तो फोटो पडद्यावर कायमचा लावून ठेवला होता.

नेयचो टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला.

"कागदावर हाच लाव, पण त्याला काप, असं सांगून गेलेत," स्टामेना म्हणाली.

नेयचोने सेटिंग पूर्ववत केली. मग स्वतःला कापून काढलं.

"हात निघत नाही, वहिनी. हात काढला तर त्याचा खांदा जातो."

"मग राहू द्या."

"छापाल तेव्हा एक जास्त छापा."

रविवारी चर्चमधून परतणाऱ्या बायका नेयचोच्या फाटकावरचा कागद पाहून थबकल्या. असा कागद घरच्यांनीच लावायचा असतो.

"हा डेल्चोच्या खांद्यावर हात कुणाचा गं?" एकीने विचारलं.

"माझा," नेयचो म्हणाला, आणि गोंदाने बरबटलेला हात त्याने वर करून दाखवला.