मावळतीची भिंत

पहारीचा घाव भिंतीवर बसला आणि द्वारकाबाई खळीचं पातेलं टाकून धावली. पहार तिच्या पोराच्या हातात होती.

"मल्हार! आरं, काय करतुयास?"

"आये, बाजूला हो. हितं हंडा हाय."

उजनीच्या पाण्यात गाव जाऊन वीस वर्षं होत आली होती. यंदा पाणी एवढं हटलं की जुनं महादेवाचं देऊळ उघडं पडलं. पाणी परत चढायच्या आत ते दगडासकट कागदावर उतरवायला पुण्याचे साहेब मोठा कॅमेरा घेऊन आले. एकाच भिंतीचे दोन जागांवरून फोटो काढायचे आणि भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या कागदी खुणांवरून ते जुळवायचे, अशी त्यांची रीत. खुणा द्वारकाबाई खळीनं चिकटवायची. गाव गेलं, निदान देऊळ तरी मागं राहील, या एका आशेवर ती उन्हात राबत होती. घरी कौतुकानं सांगायची, "साहेब म्हनत्यात, समदं ह्या खुनांवर हाय."

सोपान हा मल्हारचा जिवलग. त्यानं उचलली जीभ लावली टाळ्याला, "म्हंजे खाली धन हाय!" माणसाला हाव सुटली की त्याला शहाणं कोण करणार? मावळतीच्या भिंतीचे तेवढे फोटो राहिले होते. साहेब सामान आणायला भिगवणला गेले आणि या दोघांनी डाव साधला.

"खुळ्या, काल म्याच लावल्यात खुना! हंडा आसता तर मला ठावं नसतं व्हय?"

मल्हारनं चिखलानं भरलेला उजवा पंजा भिंतीवर थापला. "हितनं तितंवर समदं पोकळ हाय. तुला त्येंनी फसवलंय."

सोपाननं घण उचलला. द्वारकाबाईनं मोजायची दांडी घेऊन त्याच्या पाठीत अशी हाणली की दांडीचे दोन तुकडे झाले. तो शिव्या देत वळला आणि त्यानं तिला चिखलात लोटलं. ती उठली, तशी मल्हारनं तिच्या मुस्काटात मारली. जन्मात पहिल्यांदा. दात लागून तिचा ओठ फाटला. रक्त गिळून ती पुन्हा भिंतीला पाठ लावून उभी राहिली, तेव्हा सोपाननं तिला दंडाला धरून फरफटत बाजूला नेलं.

खुणेखालचा दगड निखळला. मल्हारनं हंडा चाचपायला उजवा हात कोपरापर्यंत आत घातला आणि वरची अर्धी भिंत खाली आली.

त्याची किंकाळी ऐकून सोपान जो पळाला, तो मागं न बघता. द्वारकाबाईनं तीच पहार दगडाखाली घातली आणि सगळा जीव तिच्यावर टाकला. हात निघाला. पण त्याला हात म्हणवत नव्हतं. तिनं लुगडं फाडून तो बांधला आणि पोराला पाठुंगळी घेऊन सडकेपर्यंत नेलं.

बारामतीच्या दवाखान्यात हात मनगटापासून काढला. थोरल्या लेकीला खाटेपाशी बसवून द्वारकाबाई तिसऱ्या दिवशी देवळात आली. पाणी पायरीला लागलं होतं. पडलेल्या भिंतीकडं बघत साहेब म्हणाले, "बाई, आता राहू द्या."

"आर्धी हाय न्हवं? तेवढी घ्या."

तिनं सुजल्या तोंडानं उरलेल्या दगडांवर खुणा लावल्या. साहेबांनी कॅमेऱ्यातून पाहिलं. "तो चिखलाचा डाग तेवढा पुसून घ्या."

ती ओलं फडकं घेऊन गेली. दगडावर पंजा वाळला होता, पाचही बोटं उमटलेली. फडकं धरलेला हात तिथंच थांबला.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," ती म्हणाली. "मल्हारचा हात हाय त्यो."

साहेबांनी एक फोटो घेतला, मग कॅमेरा उचलून दुसऱ्या जागी नेला आणि पुन्हा एक घेतला. तोवर पाणी दुसऱ्या पायरीवर आलं होतं.