शेळीनं हलवलेला बॉल

नगरच्या गोल्फ मैदानावर बावीस वर्षं कॅडी म्हणून साहेबांच्या बॅगा वाहून दानीएलच्या गुडघ्यांनी आता हात टेकले होते. त्याला कॅडीमास्तर व्हायचं होतं, म्हणजे बसून काम. नेमकं तेच त्याच्याबरोबरच्या छगन कॅडीलाही हवं होतं. क्लबच्या शेखसाहेबांनी तोडगा काढला, "दोघं नऊ होल खेळा. फटके ज्याचे कमी, तो कॅडीमास्तर. नियम मात्र पुस्तकातले. तुमचे घरगुती नकोत."

घरगुती म्हणजे कॅडींनी आपसात पाडलेले. शेजारच्या शेळ्या मैदानात चरायला येत. शेळीचा पाय लागून बॉल सरकला, की 'देवाचं दान' म्हणायचं आणि जिथं गेला तिथून खेळायचं.

आठ होलपर्यंत दोघं बरोबरीत. नवव्यावर छगन तीन फटक्यांत होलातल्या झेंड्यापासून दोन हातांवर पोचला. दानीएलचे दोनच झाले होते, पण बॉल बाभळीच्या मुळाआड जाऊन बसला होता. तो तिथं पोचायच्या आत छबूबाईची शेळी आली, तिनं बॉल हुंगला, पाय मारला, आणि बॉल उतारानं घरंगळत थेट झेंड्याजवळ मोकळ्यात गेला.

"घे, देवाचं दान," छगन म्हणाला. "मार की."

दानीएलचे पाय सवयीनं निघालेसुद्धा. मग थबकले. छगननं बावीस वर्षांत कुणाला काडेपेटीतली काडी फुकट दिली नव्हती. तो आज देवाच्या वतीनं दान वाटायला कसा उभा राहिला? आणि नियमांचं पुस्तक गेले आठ दिवस त्याच्याकडंच होतं. दानीएलला ते आधीच पाठ होतं: थांबलेला बॉल जनावरानं हलवला तर दंड नाही, पण तो मूळ जागी ठेवायचा. तसाच खेळलात, तर दोन फटके बोकांडी.

"छगन, बॉल थांबला हुता का चालू हुता?"

"शेळीला इचार."

"शेळीला कशाला?" गवत कापणारी छबूबाई म्हणाली. "मी हितंच हाय. गप पडला हुता, म्हनून तर तिनं हुंगला."

दानीएलनं बॉल उचलून मुळाआड नेऊन ठेवला.

"येडा हायेस का, दान्या? सोन्यासारखी संधी घालवतोस."

"सोन्यासारखी, आन् तू देतोयस. म्हनूनच."

समोर मूळ, सरळ मारणं शक्यच नव्हतं. अशा वेळी बाजूनं काढा, असं साहेबांना सांगून तो थकला होता. कुणी ऐकलं नव्हतं. त्यानं स्वतःचं ऐकलं. बॉल बाजूनं निघाला, उतारावर वळला आणि झेंड्यापासून चार पावलांवर थांबला. चौथा फटका त्यानं गुडघ्यांची कुरकुर न ऐकता मारला. बॉल होलात.

बरोबरीसाठी छगनला एका फटक्यात दोन हात पार करायचे होते. बॉल होलाचा काठ चाटून बाहेर आला.

"दानीएल," फटक्यांचा हिशेब ऐकून शेखसाहेब एवढंच म्हणाले.

नव्या कॅडीमास्तरनं पहिल्याच दिवशी फळा मागवला आणि खडू छगनच्या हातात दिला. "अक्षर तुझं चांगलं हाय. लिही, थांबलेला बॉल जनावरानं हलवला तर परत जागेवर."

छगननं लिहिलं. "दंड न्हाई, हे बी लिहू?"

"लिही की. पुस्तक तुझ्याकडंच हाय."